मुरलेला ऊस

‘मुरणें’ हा शब्द आपल्या घरांतून जितक्या वेळां उच्चारला जातो, तितका दुसऱ्या कोठें क्वचितच उच्चारला जात असेल. लोणचें मुरावें लागतें, मोरांबा मुरावा लागतो. चिंच जुनी झाली म्हणजे तिला मान येतो. तांदूळ वर्षभर कोठींत राहिला म्हणजे त्याचा भात मोकळा होतो. आणि वैद्य अनुपानाला गूळ सांगतात तो नवा नव्हे, वर्षाचा जुना सांगतात. कोणती वस्तु किती दिवस झांकून ठेवावी आणि केव्हां उघडावी, हें ज्ञान आमच्या आज्यांना होतें. त्यासाठीं त्यांना कोणत्याहि पाठशाळेंत जावें लागलें नाहीं.

प्रस्तुत महिन्यांत आम्ही अशाच एका मुरलेल्या वस्तूविषयीं लिहिणार आहों. तिचें नांव ऐकून कांहीं घरांत हें मासिक मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा फळीवर ठेवलें जाईल, हें आम्ही जाणून आहों. ती वस्तु म्हणजे उसाच्या मळीपासून किंवा रसापासून काढलेली व लांकडी पिंपांत वर्षानुवर्षें ठेवलेली रम. वाचकांनीं रागावण्यापूर्वीं एवढें ऐकून घ्यावें कीं, कोणाला प्यावयास लावावें हा आमचा हेतु नाहीं. ज्या घरांत दारूनें काय होतें हें आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, त्याच घरांतील एका गोष्टीमुळें हें लिहिणें भाग पडलें आहे.

आमचें घर जुन्या नांदेडांत, गोदावरीच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर. आमचे थोरले काका मोठे बुद्धिमान गृहस्थ. उर्दू व मोडी दोन्ही लिप्या त्यांना सारख्याच चालत, आणि कचेरींतील किचकट कागद लोक त्यांच्याकडून वाचून घेत. निजामी अमलांत लागलेली एक संवय मात्र १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें तरी त्यांची सुटली नाहीं. प्रथम संध्याकाळीं, मग दुपारीं आणि शेवटीं सकाळींहि. काकूच्या पाटल्या गेल्या, शेताचा तुकडा गेला, आणि आम्ही शाळेंत असतांना एके दिवशीं काकाहि गेले. त्यानंतर आमच्या घरांत ‘दारू’ हा शब्दहि कोणी काढीत नसे. ‘तें’ एवढेंच म्हणत. काकांचे चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, यांनीं वयाच्या चौदाव्या वर्षीं वडिलांना भर रस्त्यांतून हात धरून घरीं आणलें होतें. तें ते अद्याप विसरलेले नाहींत.

अशा दादांचा मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि लातूर जिल्ह्यांतील एका साखर कारखान्याच्या मद्यार्क विभागांत नोकरीला लागला. दादांनीं त्याला घराबाहेर काढलें नाहीं, कीं शिव्याशाप दिले नाहींत; फक्त त्याच्या बिऱ्हाडीं पाऊल ठेवलें नाहीं. या गोष्टीला सहा वर्षें झालीं. सणावाराला सूनबाई नांदेडला येते, नातवंडें येतात. मुलगाहि येतो, पंक्तीला बसतो, आणि बाप शेजारच्या पानावर बसून एक शब्द बोलत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत दादा आम्हांला एकांतीं म्हणाले, “तूं एकदां लातूरला जाऊन ये. तो तिकडे करतो तरी काय, तें पाहून ये. मला सांगावेंसें वाटलें तर सांग, नाहीं तर सांगूं नकोस; पण पाहून ये.”

नांदेडाहून लातूरला जावयाचें म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर हीं गांवें ओलांडीत जावें लागतें. लातूर तुरीच्या डाळीसाठीं आणि अलीकडे विद्यार्थ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु मांजरा नदीच्या खोऱ्यांत ऊस वाढला तसे साखर कारखानेहि वाढले. याच लातूरला २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें होतें. ऊस हें पाण्याला अतिशय हपापलेलें पीक. तेव्हां ज्या मुलुखांत माणसांच्या घागरी रेल्वेनें भराव्या लागल्या, त्या मुलुखांत उसाच्या प्रत्येक थेंबाचा जाब विचारण्याचा हक्क सर्वांना आहे, असें वाटेंतील हिरवे फड पाहून आमच्या मनांत येत होतें.

पुतण्यानें प्रथम आम्हांला कारखान्याचें काम समजावून दिलें. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केले म्हणजे काकवीसारखी काळी व दाट अशी जी वस्तु मागें उरते ती मळी. तींत पाणी घालून, दह्याला विरजण लावावें तसें किण्व लावलें कीं एकदोन दिवसांत ती फसफसून आंबते, आणि तिच्यांत उरलेल्या साखरेचा मद्यार्क बनतो. मग तें आंबवण उंच मनोऱ्यांतून वाफवून मद्यार्क वेगळा काढतात. असल्या अखंड चालणाऱ्या मनोऱ्याचें पेटंट आयर्लंडांतील एनिअस कॉफी यानें १८३० सालीं घेतलें, आणि तेव्हांपासून हें काम घाऊक झालें. मनोरा जितका उंच, तितका मद्यार्क शुद्ध. आणि जितका शुद्ध, तितका उसाचा गंध त्यांतून नाहींसा झालेला.

“आमचा बहुतेक माल पेट्रोलांत जातो, काका,” पुतण्या म्हणाला. “पेट्रोलांत शेंकडा २० मद्यार्क मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें २०२५ सालीं गांठलें. आज आंबविलेली मळी थोड्याच दिवसांत कोणाच्या तरी मोटारींत जळून जाते. येथें कशालाहि मुरावयाला सवडच नाहीं.”

या शेवटच्या वाक्यांत आम्हांला खंत दिसली, म्हणून आम्हीं विचारलें कीं, मुरलेला मद्यार्क म्हणजे असतो तरी कसा? तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, “दादांना चालणार असेल तर दाखवितों.” आम्ही म्हणालों, “त्यांनींच पाठविलें आहे.”

त्या संध्याकाळीं त्यानें सूनबाईकडून किल्ली मागून घेऊन एक कपाट उघडलें. आपल्या राज्यांत १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. त्याखालीं मद्य बाळगावयास व घ्यावयास परवाना लागतो, आणि असल्या कडक मद्यासाठीं वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात. पुतण्यानें परवाना प्रथम आमच्यापुढें ठेवला आणि मग पेले मांडले, हें आम्हांला आवडलें. पेले तोंडाशीं निमुळते, चार. प्रत्येकांत दोन चमच्यांहून अधिक नाहीं. जवळ पाण्याचा तांब्या. बर्फ नाहीं, कारण थंडीनें वास मिटतो आणि या परीक्षेंत निम्म्याहून अधिक काम नाकाचें असतें. पेला एकदम नाकाला लावावयाचा नाहीं. बोटभर दूर धरून, ओठ किंचित् उघडे ठेवून श्वास घ्यावयाचा. मग एकच थेंब जिभेवर घेऊन तो सावकाश फिरवावयाचा. शेवटीं पेल्यांत चार थेंब पाणी टाकून पुन्हां वास घ्यावयाचा. पाण्यानें मद्यार्काचा झणका दबतो आणि मागचे वास पुढें येतात. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं आम्ही हा धडा शिकावयास बसलों.

पहिला पेला न मुरविलेल्या पांढऱ्या रमचा. नाकाजवळ नेतांच डोळ्यांत पाणी आलें. जिभेवर ठेवतांच जीभ पेटली, आणि गिळल्यावर मागें कांहींच उरलें नाहीं. आमच्या तोंडून नकळत शब्द गेले, “काकांच्या अंगाला असाच वास येत असे.” पुतण्या कांहीं बोलला नाहीं, त्यानें पाण्याचा तांब्या पुढें केला.

दुसरा पेला ओल्ड मंक या रमचा. ही मोहन मीकिन कंपनीनें १९५४ सालीं बाजारांत आणली, आणि ती सात वर्षें मुरविलेली असल्याचें बाटलीवर लिहिलेलें असतें. हिचा स्वभाव उघडा व गोडसर. साखरेचा करपलेला पाक, वेलदोडा आणि खारीक यांची आठवण करून देणारा. तिसरा पेला बार्बाडोस बेटांतील रमचा. बाटली पुतण्याच्या एका मित्रानें परदेशांतून येतांना आणलेली. हींत पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा, सुक्या खोबऱ्याच्या वाटीचा आणि मागाहून जायफळाचा वास आला. चौथ्या पेल्यांतील रमचें नांव ‘चामीकर’. संस्कृतांत याचा अर्थ सोनें हें वाचकांस सांगावयास नको. ही हरियाणांतील इंद्री येथें मळीपासून नव्हे तर थेट उसाच्या रसापासून काढलेली आणि बारा वर्षें पिंपांत ठेवलेली. हिच्यापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. प्रथम जुन्या सागवानी कपाटाचें दार उघडल्यासारखा वास आला, मग सुंठ, आणि चार थेंब पाणी टाकल्यावर एकाएकीं गुऱ्हाळ आलें. चुलवणावर कढई उकळत असतांना, मळी काढून झाल्यावर, रस गुळावर येण्याच्या क्षणीं जो वास शिवारभर पसरतो तोच. तोंडांतील चव कितीतरी वेळ गेली नाहीं.

एकाच उसाचे हे दोन परिणाम कसे? उत्तर लांकडांत आणि काळांत आहे. रमसाठीं ओक जातीच्या लांकडाचीं पिंपें वापरतात, तीं आंतून भाजून कोळविलेलीं असतात. भाजण्यानें लांकडांतील घटक फुटून व्हॅनिलासारखे सुवास तयार होतात; लांकडाचा तुरटपणा व रंग मद्यार्कांत उतरतो; कोळसा कांहीं उग्र द्रव्यें शोषून घेतो; आणि लांकडाच्या छिद्रांतून हळूहळू शिरणाऱ्या हवेमुळें आम्लें व मद्यार्क यांच्या संयोगानें फळांसारखे गंध निपजतात. उन्हाळ्यांत द्रव फुगून लांकडांत शिरतो, हिंवाळ्यांत आकसून बाहेर येतो. हा श्वासोच्छ्वास वर्षानुवर्षें चालतो.

परंतु या श्वासाची किंमत मोजावी लागते. पिंपांतून दर वर्षीं कांहीं भाग हवेंत उडून जातो. पाश्चात्य लोक त्याला देवदूतांचा वांटा म्हणतात. स्कॉटलंडसारख्या थंड मुलुखांत तो वर्षाला शेंकडा दोनच्या आसपास असतो, आपल्याकडील उन्हांत तो शेंकडा दहाच्या घरांत जातो. आम्हीं तेथेंच कागदावर हिशेब केला. शंभर शेर मद्य पिंपांत भरलें तर बारा वर्षांनीं स्कॉटलंडांत सुमारें अठ्याहत्तर शेर हातीं लागेल. आपल्याकडे जेमतेम अठ्ठावीस. उन्हानें मुरणें लवकर होतें हें खरें, पण नजर चुकली तर लांकडाचा कडवटपणा सर्वांवर बसतो. उन्हांत ठेवलेला साखरांबा वेळींच आंत घ्यावा लागतो, तसेंच हें.

या वस्तूचा इतिहास कांहीं गोड नाहीं. सतराव्या शतकांत बार्बाडोस व आसपासच्या बेटांवर आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांकडून उसाचे मळे पिकविले जात. साखर मालकांची, आणि उरलेल्या मळीची ही दारू. त्या काळीं ती इतकी जहाल असे कीं, तिला सैतानालाहि मारणारी म्हणत. ब्रिटिश आरमारांतील खलाशांना तिचा रोजचा शिधा मिळे. तो ३१ जुलै १९७० रोजीं बंद झाला. लांकडी पिंपें हीं त्या काळीं केवळ सांठवणीचीं व वाहतुकीचीं भांडीं. त्यांत बराच काळ राहिलेला माल सौम्य होतो हें ध्यानांत आल्यावर मग तिला मुद्दाम मुरवूं लागले.

आमच्याहि पोथ्या याविषयीं मुक्या नाहींत. मनूनें गौडी, पैष्टी आणि माध्वी अशा तीन सुरा सांगून तिन्ही द्विजांना वर्ज्य ठरविल्या. त्यांतली गौडी ती गुळाची. चरकानें उसाच्या रसाच्या सीधूचे कढविलेल्या रसाचा व कच्च्या रसाचा असे दोन प्रकार सांगितले. वैद्यकग्रंथांत नवें मद्य जड व दोष वाढविणारें, जुनें मद्य हलकें व रुचि देणारें, असा भेद केलेला आहे. कौटिल्यानें तर सुराध्यक्षच नेमला, आणि ज्यांचें आचरण शुद्ध म्हणून माहीत आहे अशांनाच थोडें मद्य घरीं नेण्याची मोकळीक ठेवली. आमच्या आजच्या परवान्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. आणि ‘तें’ शब्दानेंहि विटाळणाऱ्या आमच्या घरांत बाळंतिणीच्या उशाशीं दशमूलारिष्टाची बाटली नेहमीं असे. काढ्यांत गूळ व धायटीचीं फुलें घालून, तोंड बांधून महिनाभर ठेवलेलें तें अरिष्ट; त्यांतहि मद्यार्क आपोआप उत्पन्न होतोच. अर्थात् हीं सर्व केवळ आंबविलेलीं पेयें. रम आंबवून पुन्हां वाफवून काढलेली, म्हणून कितीतरी अधिक तीव्र. गौडी ही तिची आजी म्हणावी फार तर.

आतां आपल्या देशांतहि या वस्तूकडे नव्यानें लक्ष जाऊं लागलें आहे. बंगळूरची अमृत ही १९४८ सालची कंपनी. तिच्या संस्थापकांचें जगदाळे हें आडनांव मराठी वाचकांस परकें वाटणार नाहीं. त्यांनीं अलीकडे निव्वळ गुळापासून काढून मुरविलेली रमहि केली आहे. गुळाच्या आणि उसाच्या आमच्या मुलुखांतून मात्र मद्यार्क निघतो तो टांकींतून टांकींत. बारा वर्षें थांबून बहात्तर शेर हवेला देण्याची तयारी येथें कोणाची नाहीं. आणि ज्या शेतकऱ्याला उसाचे पैसे वेळेवर हवे आहेत, त्याला आम्ही त्याबद्दल दोष देणार नाहीं.

पुतण्यानें आम्हांला खोट्या वार्धक्याचीहि ओळख करून दिली. रंग गडद म्हणजे रम जुनी, असें मुळींच नाहीं. करपविलेली साखर घालून एका दिवसांत तो रंग आणतां येतो. अति गोडी हेंहि पुष्कळदां वयाचें सोंग असतें. मागाहून घातलेली साखर उणीव झांकते. बाटलीवरचा आंकडाहि नीट वाचावा लागतो. बार्बाडोस व जमैका येथें तो मिश्रणांतील सर्वांत तरुण रमचें वय सांगतो. अन्यत्र कांहीं ठिकाणीं तो मिश्रणांतील सर्वांत जुन्या थेंबाचा असतो, मग तो थेंब एकच कां असेना. माणसांच्याहि वयाचा असा हिशेब कोणी केला तर काय होईल, असा विचार आमच्या मनांत येऊन गेला.

चार पेल्यांत मिळून आम्हीं घेतलें तें दोन चमचेहि भरलें नसेल. उरलेलें पुतण्यानें निःसंकोच मोरींत ओतलें. आम्हांला तें उधळपट्टीचें वाटलें, तो म्हणाला, “काका, माझा धंदा मोजण्याचा आहे, पिण्याचा नाहीं. आजोबांची गोष्ट मला आईनें लहानपणींच सांगितली होती. मी या कामांत आलों तो ती विसरून नव्हे. जें घरांत कोणी नांवानेंहि बोलत नव्हतें, तें आहे तरी काय, हें मला एकदां नीट पाहावयाचें होतें.”

या उत्तरावर आम्हीं रात्रभर विचार केला. मुरलेली रम निरुपद्रवी असते असें आम्ही म्हणत नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्याला सर्वस्वीं निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. आणि यकृत कांहीं पिंपाचें वय विचारीत नाहीं. ज्याच्या घरीं आमच्यासारखी गोष्ट घडली आहे त्यानें चौथ्या पेल्याच्याहि वाटेला जाऊं नये हेंच बरें. पण काकांनीं आयुष्यभर जें घेतलें त्याची चव त्यांना कधींच कळली नाहीं, हेंहि आम्हांला त्या रात्रीं प्रथमच कळलें. ते विसरण्यासाठीं पीत. पुतण्या ओळखण्यासाठीं वास घेतो. दोघांच्या हातांत पेला होता एवढ्यावरून आम्ही सहा वर्षें त्यांना एकाच पंक्तीला बसविलें.

सकाळीं निघतांना टेबलावर चौथा पेला तसाच न धुतां ठेवलेला दिसला. तळ कोरडा पडला होता. पुतण्यानें तो आमच्या नाकाजवळ धरला. मद्यार्काचा लवलेश नाहीं. होता तो केवळ गुळाचा, लांकडाचा व सुंठेचा वास, रात्रीपेक्षांहि स्वच्छ. “मद्यार्क उडून जातो,” तो म्हणाला, “मुरण्यानें जें आलें तें मागें राहतें.” आम्हीं तो रिकामा पेला तोंडाला कागद बांधून पिशवींत घातला. आमच्या घराच्या उंबऱ्याआंत ‘तें’ नेण्याचें धैर्य आमच्यांत नव्हतें. पण रिकाम्या पेल्याला कोणाची हरकत असणार?

नांदेडला दादा झोंपाळ्यावर बसले होते. आम्हीं कागद सोडून पेला त्यांच्या हातीं दिला.

“यांत तें होतें?”

“होतें. आतां नाहीं.”

त्यांनीं बराच वेळ तो नुसता हातांत धरला. मग एकदां नाकाजवळ नेला, खालीं घेतला, पुन्हां नेला.

“हा तर गुऱ्हाळाचा वास आहे,” ते म्हणाले. “बाबा मला गुऱ्हाळावर नेत असत. फार पूर्वीं. तें सुरू होण्याच्या आधीं.”

वडिलांविषयीं त्यांच्या तोंडून इतकें बोलणें आम्हीं साठ वर्षांत ऐकलें नव्हतें. आम्हीं कारखाना, परवाना, मोरींत ओतलेले पेले, सारें सांगितलें. ते ऐकत होते. शेवटीं म्हणाले, “संक्रांतीला लातूरला जाऊं म्हणतों. पण त्याला आधीं कळव, त्या कपाटाला कुलूप घाल म्हणावें.”

“कुलूप आहे,” आम्हीं सांगितलें. “किल्ली सूनबाईकडे असते.”

दादांनीं मान हलविली आणि पेला धुवावयास आंत न देतां खिडकींत ठेवला.